प्रोसेसरचं झबलं

आमच्या घरात कॉम्प्युटर येण्याच्या महिनाभर आधी त्याच्यावरची भांडणं येऊन राहिली. भांडणांना वीज लागत नाही आणि ती ठेवायला टेबलही लागत नाही, त्यामुळे त्यांची सोय लगेच झाली.

कारण साधं होतं. आमची सून साड्यांची डिझाइनं करते. रिंगरोडवरच्या एका मार्केटात एका सेठच्या ऑफिसात ती काही वर्षं बसत होती. डिझाइन तिनं करायचं आणि पार्टीसमोर, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्यासमोर, ते सेठच्या भाच्यानं आपलं म्हणून मांडायचं, अशी तिथं कामाची वाटणी होती. यंदा होळीच्या सुमारास तिनं ती नोकरी सोडली आणि घरूनच काम करणार म्हणाली. एका पार्टीनं तिला लग्नसराईचा एक अख्खा कॅटलॉग चाचणी म्हणून दिला. नुसती डिझाइनं नव्हेत, तर त्या साड्या नेसून उभ्या असलेल्या बायकांची चित्रंसुद्धा कॉम्प्युटरवरच तयार करून द्यायची. हल्ली सुरतेत साडी आधी चित्रातली बाई नेसते, आणि ती पसंत पडली तरच मिलमध्ये कापड छापायला जातं.

कॅटलॉग वेळेवर गेला, तर पुढची सगळी कामं तिची. नाही गेला, तर जुन्या सेठचा निरोप होताच: "महिनाना अंत सुधी खुरशी खाली राखीश." महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलेल्या त्या रिकाम्या खुर्चीत तिला परत बसायचं नव्हतं. त्या दिवसांत आमच्या घरात खरोखर पणाला लागलेली गोष्ट एवढीच होती. बाकी सगळी चर्चा होती.

चर्चा प्रोसेसरची. जगात प्रोसेसर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या आहेत. त्यांची नावं मी लिहीत नाही, कारण त्यांचे भक्तही नावं घेत नाहीत. एक लाल, एक निळी. माझा मुलगा हजिऱ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करतो आणि लाल आहे. तो लाल कधी झाला हे मला कळलं नाही. मुलं सिगारेट ओढायला लागली की आईबापांना शेवटी कळतं, तसंच हे. निळे म्हणजे शेजारचे काका. सुताची दलाली करण्यात त्यांची हयात गेली. आमच्याशेजारी इतकी वर्षं राहून ते जी मराठी बोलतात, तिच्यात क्रियापदं आमची असतात आणि बाकीचं त्यांचं. त्यांनी मोबाइलवरून निळ्या कंपनीचे थोडे शेअर घेतले होते आणि ते घेतल्यापासून खाली चालले होते. त्यामुळे त्यांचं निळेपण कळकळीचं होतं.

"दिकरा, लाल म्हणजे गरम," काका म्हणायचे. "पहिल्यापासून गरम. एप्रिल महिन्यात सुरतमध्ये लाल घेशील, तर पापड शेकशील त्याच्यावर."

"काका, हे जुनं झालं. आता उलट तुमचं निळं जास्त वीज खातं."

"खाय छे तो काम पण करे छे!"

"आमचं कमी नॅनोमीटरचं आहे, काका."

नॅनोमीटरचा मुद्दा काकांना पटायचा, कारण सुतातही डेनियरचा आकडा जितका कमी तितका धागा बारीक आणि तितका भाव जास्त. ते थोडे विचारात पडायचे. मी संधी साधून एकदा विचारलं, "तुमच्या घरी कोणता आहे?"

"कोणता काय?"

"प्रोसेसर."

"माझ्याकडे कुठे कॉम्प्युटर आहे, साहेब? मी तर मोबाइल वापरतो."

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मला दोन्हीतलं काही कळत नव्हतं, म्हणून मी वाचायला बसलो. वाचलं, आणि मुलगा दाखवील ते व्हिडिओही पाहिले. दोन्ही कंपन्यांचे प्रमुख अंधाऱ्या स्टेजवर येतात, एक नखाएवढी चकती दोन बोटांत धरून उंच करतात आणि समोरचे लोक आरती संपल्यासारखी टाळी वाजवतात. मग आलेख येतो. त्यात आपला खांब ताडासारखा आणि दुसऱ्याचा खांब तुळशीसारखा. नीट पाहिलं तर आलेखाची खालची रेघ शून्यापासून सुरूच झालेली नसते. असले आलेख मी बँकेत असताना वार्षिक अहवालांत इतके पाहिले आहेत, की मला क्षणभर पेन्शनीतून परत कामावर गेल्यासारखं वाटलं. दर वर्षी नवी चिप 'आजवरची सर्वांत वेगवान' असते, आणि गेल्या वर्षीची सर्वांत वेगवान चिप घेणाऱ्याची कीव करायची प्रथा आहे.

वाचताना एक मजेची गोष्ट सापडली. लाल कंपनी स्वतः चिपा बनवतच नाही. ती आराखडा काढते आणि तैवानातल्या एका कारखान्यात त्या बनवून घेते. ग्राफिक्स कार्डवाली जी तिसरी, हिरवी कंपनी आहे, तीही तिथंच बनवून घेते. आणि निळी, जिचे स्वतःचे मोठे कारखाने आहेत, तीही आपलं काही काम तिथंच देते. मी हे संध्याकाळी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. मला वाटलं, दोन्ही बाजू थोड्या ओशाळतील.

सून हसायला लागली. "बाबा, म्हणजे आपल्या मार्केटसारखंच की. समोरासमोरच्या दोन दुकानांत बोलणं बंद, आणि दोघांचा माल छापला जातो एकाच मिलमध्ये, जॉबवर, मजुरी देऊन. कधी कधी तर एकाच दिवशी."

"तरी पण फिनिशिंगमध्ये फरक पडतो," काका म्हणाले.

"डिझाइनमध्ये पडतो," मुलगा म्हणाला.

म्हणजे ओशाळलं कोणी नाहीच. उलट दोघांना नवा मुद्दा मिळाला.

हे भांडण शेवटी मिटवलं दुकानदारानं. आम्ही सगळे त्याच्याकडे गेलो. काकाही आले, कारण आपल्या गैरहजेरीत लाल घेतला जाईल अशी त्यांना धास्ती होती. मुलानं कागदावर आणलेले मुद्दे वाचले, काकांनी तोंडी प्रतिवाद केला. दुकानदारानं दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. "बन्ने सारां छे," तो म्हणाला. दोन्ही चांगले. मग मागे वळून फळीकडे पाहिलं. "पण स्टॉकमां लाल छे. निळा पुढच्या आठवड्यात येईल."

झालं. महिनाभराचा वाद फळीवरच्या एका खोक्यानं संपवला. मुलगा स्वतः चिप तयार करून आल्यासारखा चालायला लागला. ग्राफिक्स कार्ड हिरव्याचं घेतलं. सुनेचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच नीट चालतं, त्यामुळे तिथं निवड नव्हती आणि म्हणून वादही नव्हता. जिथं प्रतिस्पर्धी नसतो तिथं चर्चा होत नाही, नुसता भाव असतो.

कॉम्प्युटर घरी आला तेव्हा बायकोनं त्याला हळदकुंकू लावलं. त्यावरून तिला तो पसंत होता असं समजू नये. ती धुळ्याकडची. तिकडून सुरतेत आलेल्या माणसांना दर महिन्याला येणाऱ्या पगाराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. "बांधलेली नोकरी सोडून कुठे घरी बसून धंदा होतो का," हे ती सुनेला कधीच म्हणाली नाही. कुकरला म्हणायची, पण सुनेला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

आणि मग एके दिवशी तिनं त्या कॉम्प्युटरला कव्हर शिवलं.

सुरतेत राहणाऱ्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. इथं घरात कटपीस कधी संपत नाहीत, आणि कटपीस असेल तिथं कव्हर होतं. आमच्या घरी मिक्सरला कव्हर आहे, फ्रिजच्या दांड्याला आहे, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा परकर आहे. टीव्हीच्या रिमोटला तर दोन आहेत, एक रोजचं आणि एक सणाचं. पण हे कव्हर वेगळं होतं. सुनेनं घरी बसून केलेली पहिली प्रिंट तपासण्यासाठी मिलमधून छापून आणलेला जॉर्जेटचा नमुना होता. केशरी रंगावर बोरमाळेसारखी बारीक नक्षी. बायकोनं तो मागून घेतला आणि कॉम्प्युटरच्या डब्याचं चारी बाजूंनी माप घेऊन झबलं शिवलं. खाली झालर, मागे बांधायला नाड्या आणि आतून सॅटिनचं अस्तर.

"अस्तर कशाला?" मी विचारलं.

"जॉर्जेट बिनअस्तराचं?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

झबलं चढवून ती दोन पावलं मागे सरली. "आता कसं घरातलं वाटतंय."

सून बघत राहिली. "आई, ही माझी पहिली प्रिंट."

"म्हणूनच," बायको म्हणाली आणि कणीक भिजवायला गेली. त्या दिवसापासून कुकरशी तिचं ते बोलणं बंद झालं.

आणि त्याच सुमारास कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

सुनेची कामाची पद्धत अशी होती: साडी नेसलेल्या बाईचं चित्र ती रचून ठेवी, आणि मग मशीन ते पूर्ण करत बसे. पदराच्या प्रत्येक चुणीवर उजेड कुठून पडतो, सावली कुठे जाते, हे मोजायला त्याला फार वेळ लागायचा. म्हणून ती चित्रांची रांग लावून देई आणि प्रिंटवाल्याकडे किंवा पार्टीकडे जाई. परत यावं, तर स्क्रीन काळा आणि रांग पहिल्या-दुसऱ्या चित्रावर अडकलेली. ती समोर बसली की मात्र मशीन तासन्‌तास चाले.

काकांना बोलावणं करावं लागलं नाही. "मी सांगितलं होतं. लाल म्हणजे गरम."

मुलगा रोज संध्याकाळी हजिऱ्याहून येऊन, बूट न काढता, डब्याची एक बाजू उघडून तपासणी करी. तपासणीच्या वेळी मशीन व्यवस्थित असे, डॉक्टरसमोर ताप उतरतो तसं. "हे बघा तापमान. एकदम थंड. प्रॉब्लेम हिरव्यात आहे, लालमध्ये नाही."

"हिरव्याला नावं नको ठेवू," काका म्हणायचे. "त्याचे शेअर बघितले काय?"

"म्हणजे शेअर वर गेले की मशीन बंद पडत नाही?"

"निळा घेतला असता तर हे दिवस दिसले नसते, एटलुंज कहुं छुं."

मग दोघं वीज, सॉफ्टवेअर, बोर्ड, सरकारची आयातनीती अशा पायऱ्या चढत अमेरिकेपर्यंत जात. सून एका कोपऱ्यात बसून ऐके. तिच्याकडे पाहिलं की मला कळायचं, ती मनात चित्रं आणि उरलेले दिवस यांची सांगड घालते आहे आणि ती जमत नाही.

पार्टीला कॅटलॉग द्यायची तारीख अगदी जवळ आली तेव्हा एका दुपारी ती मला म्हणाली, "बाबा, मला प्रिंटवाल्याकडे जावंच लागेल. आज तुम्ही त्याच्याजवळ बसाल? काही करू नका. बंद पडलं तर नुसता फोन करा."

मी इतिहासाचं एक जाड पुस्तक घेऊन बसलो. मशीन मंद घूं घूं करत होतं. झबल्याची झालर सुनेनं वर खोचलेली होती, बायका धुणं धुताना साडी खोचतात तशी. मी साम्राज्यांच्या उदयापर्यंत आलो होतो तेव्हा बायको फडकं घेऊन आत आली.

"ही पोर रोज असंच वर करून जाते," ती म्हणाली. "आणि दुपारी गल्लीतल्या यंत्रमागांवरच्या सुताचा सगळा रुवा आत येतो." तिनं झालर हळूच खाली ओढली, चुण्या सरळ केल्या, मागे जाऊन नाड्या बांधल्या, वरून एक हात फिरवला आणि गेली.

साम्राज्यं कोसळायला लागली होती तेव्हा घूं घूं वाढलं. मग त्याला धाप लागली. मग एकदम शांत झालं. मी झबल्यावर तळहात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावल्यासारखा चटका बसला. नाड्या सोडल्या तर आतून नानखटाईच्या भट्टीसारखी वाफ आली.

सुनेला फोन केला. ती आल्यावर मी जरा ऐटीतच म्हणालो, "बेटा, कारण सापडलं."

"कव्हर ना?"

माझी ऐट तिथंच संपली. "तुला माहीत होतं?"

"थोड्या दिवसांपासून संशय होता. म्हणून तर रोज वर खोचून जायची. परत आले की खाली ओढलेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? मला वाटलं, एवढी हुशार माणसं रोज त्याच्यासमोर उभी राहून भांडतात, एखाद्याच्या तरी डोळ्यांना दिसेल." ती खाली बसली. "बाबा, आईंनी माझ्या कामासाठी पहिल्यांदा काहीतरी केलंय. अस्तर लावलंय हो त्यांनी. अस्तर लावलेलं काढा असं कसं सांगू?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण अजून निम्मा कॅटलॉग बाकी आहे. आता सांगावंच लागेल. तुम्ही सांगा."

"मी?"

"तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता."

"म्हणूनच नको म्हणतोय."

संध्याकाळी मुलगा आला, मागोमाग काका आले. काकांनी आणलेला प्रस्ताव असा होता, की लाल परत करून निळा घ्यावा, दुकानदाराशी ते स्वतः बोलतील. बायको पोळ्या लाटत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि बँकेत कर्ज नाकारताना वापरायचो त्या आवाजात सुरुवात केली.

"अगं, असं आहे की, कुठल्याही कंपनीची चिप घेतली तरी तिच्यातून उष्णता ही निर्माण होतेच…"

"सरळ बोला."

"त्याला हवा लागते."

"मग पंखा लावते."

"पंखा त्याच्या पोटातच आहे. पण त्या पंख्याला बाहेरून…"

लाटणं थांबलं. "काबरं बंद पडस ते?" ती म्हणाली. राग आला की ती आपल्या माहेरच्या अहिराणीत जाते. मग स्वतःच उत्तर दिलं, "म्हंजे मन्हं कव्हर?"

मी दारातून बाजूला झालो. इतक्या वर्षांत मी एवढं शिकलो आहे.

ती पिठाच्या हातानंच बाहेरच्या खोलीत गेली. सून उठून उभी राहिली. "याचं नाक कुठे आहे?" बायकोनं तिला विचारलं.

"पुढून आत घेतं, आई. मागून सोडतं."

बायकोनं मागे हात धरला, पुढे धरला. "आणि मी दोन्हीकडून शिवून टाकलं." मग ती आम्हा तिघा पुरुषांकडे वळली. "आणि तुम्ही? महिनाभर नुसती कंपनी कंपनी. अमेरिकेत काय चाललंय ते दिसतं आणि नाकासमोरचं झबलं दिसत नाही?"

"भाभी, मला तर वाटलं ते डिझाइनच तसं आहे," काका म्हणाले.

"मी तपासायचो तेव्हा काढलेलं असायचं," मुलगा म्हणाला.

"आणि पोरी, तू?"

"तुम्ही शिवलं होतं, आई."

बायकोनं पिठाचे हात पदराला पुसले. "शिवलेलं उसवता येतं," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "तुझं काम गेलं असतं, म्हणजे मग? त्या खुर्चीत मी जाऊन बसले असते का?"

सूनच म्हणाली, मागे मोठी भोकं पाडून वर जाळी लावली तरी चालेल. बायकोनं मान हलवली. "नको. काम होईस्तोवर उघडंच राहू दे." आमच्या लग्नापासून या घरात एखादी वस्तू तिनं आपण होऊन उघडी ठेवल्याचं मला आठवत नाही. वर तिनं स्वयंपाकघरातला टेबलफॅन, जो ऐन उन्हाळ्यात मला मागूनही मिळत नाही, तो आणून त्या डब्याच्या पाठीशी लावला आणि उरलेल्या पोळ्या घाम पुसत लाटल्या.

काका आणि मुलगा दोघंही समाधानानं जेवायला गेले. "बघितलंत? लाल निर्दोष," मुलगा म्हणाला. जिन्यातून काकांचं उत्तर आलं, "निळा असता ना, तर झबल्यात पण चालला असता!"

पुढचे दिवस मशीन अखंड चाललं. सून कामाला बाहेर गेली की बायको अधूनमधून डब्यामागे हात धरून यायची आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायची, "सोडतंय." कॅटलॉग तारखेला गेला. पार्टीनं चित्रं पाहिली ती खमण खाता खाता, मोबाइलवर, अंगठ्यानं भराभर सरकवत. आमचा सगळ्यांचा महिना त्या अंगठ्याखालून गेला. शेवटी तो म्हणाला, "ठीक छे. बीजा कॅटलॉगनुं काम मोकलावुं छुं." सुरतेत याच्याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

दुसऱ्या कॅटलॉगचं पहिलं चित्र मशीनला लावून सुनेनं जुन्या सेठला फोन केला.

"स्पीकरवर कर," बायकोनं आतून सांगितलं.

"सेठ, हवे नहीं आवुं," सून म्हणाली. "खुरशी कोईने आपी दो."

म्हणजे ती आता येणार नव्हती, खुर्ची दुसऱ्या कुणालाही द्यावी. पलीकडे सेठच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.

"पण काम होय तो मोकलजो," ती म्हणाली. "जॉबवर करी आपीश."

काम पाठवावं, ती मजुरीवर करून देईल. मग सेठनं मुदत विचारली, "केटला दिवसमां आपशो?"

सुनेनं मशीनकडे पाहिलं. ते एका नवरीच्या पदराच्या चुण्या करत होतं. "हमणां हाथ पर घणुं काम छे, सेठ. जोईने कहीश."

घणुं म्हणजे पुष्कळ; तिच्या हातात तेव्हा एकच काम होतं, आणि तेही नुकतंच सुरू झालं होतं.